घाईचं गिऱ्हाईक

माझे आतोबा लाकडी सामान बनवतात आणि आत्या त्याला पॉलिश करते. तिचं म्हणणं विचाराल तर आतोबा चुका करतात आणि ती त्या झाकते. आतोबांचं म्हणणं कोणी विचारत नाही, कारण विचारलं तरी ते सांगतीलच असं नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात हा माणूस जेवढं बोलला असेल तेवढं आत्या एका खुर्चीचे चार पाय पुसताना बोलून टाकते.

फक्त ती बोलते ते लाकडाशी. नाकातोंडावर रुमाल बांधलेला, पाठ तुमच्याकडे आणि तोंड कपाटाकडे. गिऱ्हाईक दारात आलं तरी ती वळत नाही. पॉलिशमधल्या स्पिरिटची वाफ नाकात जाऊ नये म्हणून रुमाल, हे खरंच आहे. पण चहा पितानाही तो रुमाल खालच्या ओठाच्या खाली उतरत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या रुमालाखाली, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, तिला पुटकुळ्या आहेत. वयात येताना येतात आणि चार वर्षांत जातात तशातल्या नव्हेत. या आल्या त्या आत्याने पन्नाशी ओलांडली तरी मुक्काम ठोकून बसलेल्या. एक बसली की दुसरी उठायची, आणि जाणारी प्रत्येकजण आपला काळा डाग मागे ठेवून जायची.

मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. लोकांना समजावून सांगायची मला खोड आहे. कोणी साधी खोकल्याची बाटली घेतली तरी चमचा कुठला आणि तो कुठवर भरायचा हे ऐकवल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. काही जुनी गिऱ्हाइकं मला पाहून मुद्दाम पलीकडच्या काउंटरवर जातात. आत्या मला 'कंपाउंडर' म्हणते. एवढं शिकून फार्मसिस्ट झाले, त्याची घरात ही किंमत.

तर झालं असं. सुतारकाम शिकवणाऱ्या एका शाळेच्या प्राचार्यांनी आपलं जुनं लिहायचं टेबल दुरुस्तीला टाकलं होतं. न्यायला आले तेव्हा ते टेबलाभोवती तीनदा फिरले, खाली वाकून पायांच्या आतली बाजूसुद्धा त्यांनी पाहिली, आणि मग आत्याच्या पाठीला विचारलं, की आमच्या मुलांना हाताचं पॉलिश शिकवाल का? अकरा आठवड्यांनी तीस जणांचा नवा वर्ग सुरू होतोय, आठवड्यातून दोन दिवस यायचं. आत्याच्या पाठीने सांगितलं, कळवते.

हे काम तिला किती हवं होतं ते मला माहीत आहे. आता सगळे यंत्राने फवारा मारून मोकळे होतात, पॉलिशचा कापडी बोळा कसा धरायचा हे कोणाला ठाऊक नाही, मी गेले की हे सगळं माझ्याबरोबर जाणार, हे रडगाणं तिने आतोबांच्या प्रत्येक खुर्चीला ऐकवलेलं आहे. आता तेच तीस पोरांना बसवून ऐकवायची संधी चालून आली होती. प्राचार्यांना होकार कळवून दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली, टूथपेस्टच्या फळीशी दहा मिनिटं घुटमळली आणि दुकान रिकामं झाल्यावर काउंटरशी येऊन तिने रुमाल खाली केला.

"तीस पोरांसमोर हे तोंड घेऊन उभी राहू?" ती म्हणाली. "काहीतरी दे. जोरदार दे."

जोरदार औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही, हे मी तिला सांगितलं आणि तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी दिव्याखाली चेहरा पाहिला, बाकी कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं, आणि मग, दिवस गेलेत का किंवा तसा काही विचार आहे का, हेही विचारलं. त्या लिहून देणार होत्या ते क्रीम गरोदरपणात वापरायचं नसतं, म्हणून त्यांना ते विचारावंच लागतं. आत्या म्हणाली, माझा मुलगा सत्तावीसचा आहे, आता विचार करायचा तर आधी त्याला विचारावं लागेल. डॉक्टरांनी न हसता कागदावर खूण केली आणि रेटिनॉइडचं, म्हणजे पुटकुळ्यांवरचं जोरदार क्रीम लिहून दिलं. सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, थोडी सोलवटेल, कदाचित पुटकुळ्या आधी वाढतील आणि मग कमी होतील. खरा फरक दिसायला बारा आठवडे लागतील. बाकीचं तुमची भाची समजावेलच, असंही त्या म्हणाल्या. आत्याने या सगळ्यातलं फक्त 'बारा' ऐकलं. जिना उतरताना ती बोटं मोजत होती, आणि कितीही मोजलं तरी एक आठवडा कमीच पडत होता.

आता माझा गुन्हा सांगते. संध्याकाळी ट्यूब तिच्या हातात ठेवली तेव्हा काउंटरसमोर सात माणसं उभी होती. परकी बाई असती तर मी त्या सातांना ताटकळत ठेवून तिला सगळं सांगितलं असतं. वाटाण्याएवढं घ्यायचं, तेवढंच पूर्ण चेहऱ्याला पुरवायचं. सौम्य साबणाने तोंड धुऊन, टिपून, वीसेक मिनिटं पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकाच्या कडेला जायचं नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच, वर साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. हे सगळं मला झोपेत उठवलं तरी म्हणता येतं. पण घरच्या माणसाला कोण एवढं समजावत बसतं? मी तिला म्हटलं, "झोपायच्या आधी लाव. पातळ लाव." आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली. आतल्या पत्रकात सगळं छापलेलं असतं, पण ते अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा म्हाताऱ्या बायका लावतात असं आत्याचं मत आहे.

बारा दिवस तिचा फोन नाही. मला बरं वाटलं, म्हटलं सुरळीत चाललंय. तेराव्या दिवशी आतोबांचाच फोन आला. आतोबांनी फोन करणं ही आमच्या घराण्यात नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट. ते म्हणाले, "ये जरा," आणि फोन ठेवला. मी तशीच निघाले.

त्यांच्या घराला लागूनच असलेल्या कारखान्यात गेले तर आत्या अंगणात, सकाळच्या उन्हात, एका स्टुलावर बसलेली. रुमाल नव्हता. चेहरा लालबुंद, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि ओठांच्या कोपऱ्यांत कातडीचे पापुद्रे सुटलेले, हनुवटी चकचकीत आणि ताणलेली. हसताना दुखत असणार, कारण ती फक्त डोळ्यांनी हसली. आणि हसली ती चक्क आनंदाने.

"बघ," ती म्हणाली, "जुना थर सुटायला लागला."

मी दुसरं स्टूल ओढून खाली बसले. थोडं थोडं विचारत सगळं बाहेर काढलं. पॉलिशच्या थराला आत्या 'हात' म्हणते. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, काचपेपरने हलकं घासायचं, मग दुसरा. चांगलं पॉलिश म्हणजे पातळ हात, पण पुष्कळ. मी 'पातळ' म्हटलं होतं, आणि ते तिने तंतोतंत पाळलं होतं. रोज झोपण्याआधी ती खरखरीत टॉवेलने चेहरा घासून काढायची, कारण घासल्याशिवाय हात धरत नाही. मग क्रीमचा एक पातळ हात. तो वाळेपर्यंत भांडी. मग दुसरा. कपडे घड्या करून तिसरा. असे सहा. बारा आठवड्यांचं काम सहाने भागलं की दोन आठवड्यांत उरकतं, हा तिचा हिशोब. सोलवटायला लागल्यावर तर तिची खात्रीच पटली, कारण जुनं पॉलिश काढताना लाकूड असंच दिसतं, आणि त्या अवस्थेत हात आखडता घेतला तर सगळं काम डागाळतं. म्हणून तिने आठ केले.

ट्यूब मागितली तर तिने ती शेपटाकडून घट्ट गुंडाळलेली आणून दिली. दोन-अडीच महिने पुरणारी ट्यूब बारा दिवसांत संपली होती. मी चिडले. मी म्हटलं, अगं, अंगाला काही कळतं की नाही, जळत नव्हतं का? ती म्हणाली, जळत होतं, म्हणजे लागू पडत होतं. स्पिरिटची बाटली उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून दोन दिवस तिने कामही बंद ठेवलं होतं, आणि एकोणतीस वर्षांत तेवढंच आतोबांच्या लक्षात आलं. चेहरा लाल झाला त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं होतं, की आज ऊन जास्त होतं का.

"तूच म्हणालीस पातळ लाव," आत्या म्हणाली. तो लाल चेहरा बघून मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिच्यावर आणखी चिडले.

सगळा प्रकार ऐकून डॉक्टरांनी या वेळी दिवा लावायची तसदी घेतली नाही. क्रीम पूर्ण बंद, चेहरा शांत होईपर्यंत काही लावायचं नाही, फक्त सौम्य साबण आणि साधं मॉइश्चरायझर. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. पापुद्रे ओढायचे नाहीत. स्पिरिटपासून काही दिवस लांब. डोळे सुजले, फोड आले किंवा पाणी सुटायला लागलं तर वाट न बघता लगेच या. हे सांगून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "चेहरा म्हणजे काही कपाट नाही, आत्या."

"कपाटाची मी जास्त काळजी घेते," आत्या फणकारली.

"मग कपाटासारखीच घ्या. पहिला हात मारल्यावर किती थांबता?"

झालं. बाहेर रुग्ण खोळंबले होते आणि आत आत्या डॉक्टरांना पॉलिश शिकवत होती. ओला थर वरून वाळल्यासारखा दिसतो पण आत कच्चाच असतो, त्यावर दुसरा मारला की दोन्ही उठतात. नवीन पॉलिश केलेली वस्तू आठवडाभर उन्हात न्यायची नाही, फुगे येतात. लाकूड कोरडं असेल तर आधी त्याला तेल पाजायचं, नाहीतर ते सगळं पॉलिश पिऊन टाकतं. डॉक्टर मान डोलावत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, की मला वेगळं काही सांगायचंच नाही, हेच सगळं करा. आत्या खाली बघत म्हणाली, "गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मी त्याला हाकलून देते. इथे गिऱ्हाईक मीच होते ना."

चेहरा निवायला दोन आठवडे गेले. मग नवी ट्यूब, आणि या वेळी मी सात नाही, सतरा माणसं थांबवून ठेवली असती. एक वाटाणा कागदात बांधून नेला आणि तिच्यासमोर ठेवला. तो तिने नीट निरखला, मग म्हणाली, एवढ्याने माझं नाकसुद्धा पुरं होणार नाही. पण झालं. कारखान्याच्या भिंतीवर तिने खडूने आठवडा आखला आणि सोमवार-गुरुवारच्या खाली 'हात' असं लिहिलं. बाकीच्या दिवसांखाली 'थांब'. आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की वाटाणाभर क्रीम. रुमाल रोज धुतलेला. सकाळी सनस्क्रीन आणि डोक्यावर पसरट टोपी, जी घालून ती अंगणातून फिरली की एखादं स्टूल चालत गेल्यासारखं वाटे. पहिल्या दिवशी सनस्क्रीन नीट चोळलं गेलं नव्हतं. आतोबांनी तिच्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की फटी आधीच पुट्टीने बुजवल्यास का.

शेजारच्या शिंपिणीने, जिला पाचवा महिना चालू होता, कपाळावरच्या पुरळाला थोडं क्रीम मागितलं तेव्हा आत्याने ट्यूब पाठीमागे लपवली आणि तिला गरोदरपणावर असं व्याख्यान दिलं की शिंपीण दोन दिवस कुंपणाशी आली नाही. मला ते ऐकून जरा हेवा वाटला. समजावून सांगायची खोड आता दोघींना होती.

चौथ्या आठवड्यात पुटकुळ्या वाढल्या. डॉक्टरांनी हे आधीच बजावलं होतं, तरी तिचा चेहरा पडला. आम्हा दोघींनाही काळजी वाटत होती, ती एकच: तारीख. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वाढायच्या थांबल्या. सातवा आठवडा संपता संपता वर्गाचा दिवस उजाडला, आणि त्या सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती खिडकीशी, उजेडात तोंड करून उभी होती.

"खरं सांग," ती म्हणाली.

मी खरं सांगितलं. लाली गेली होती, पण डाग होते तसेच होते, हनुवटीवर चार पुटकुळ्या ताज्या होत्या आणि ओठाखाली थोडं सोलवटत होतं. अजून दोन महिने तरी लागतील, असं मी म्हटलं. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं तोंडातून शब्द गेल्यावर वाटलं. आत्याने मान हलवली, रुमाल बांधला आणि शांतपणे सांगून टाकलं, की प्राचार्यांना कळवते, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी दुसरा माणूस शोधला असता, फवारा मारणारा. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आतोबा दारात उभे राहून ऐकत होते. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि केस ओले करून बसवले होते. त्यांनी फळीवरून आत्याची बोळ्यांची पिशवी उचलली.

"कुठे निघालात?" आत्याने विचारलं.

"शाळेत. पोरं बसलीत. मी शिकवतो पॉलिश."

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आतोबांनी आयुष्यात एकदाच पॉलिश केलं आहे, एका स्टुलाला, आणि त्याच्यावर बसलेल्या पाहुण्यावर पँट तिथेच ठेवून उठायची वेळ आली होती. असा माणूस तिच्या नावाने तीस पोरांना पॉलिश शिकवणार! ती त्यांच्या हातातली पिशवी हिसकावायला गेली, त्यांनी सोडली नाही. ती म्हणाली, हा काय आचरटपणा. ते म्हणाले, कोणीतरी जायला हवं. तसे दोघं पिशवी धरूनच फाटकापर्यंत गेले. तिथे आतोबांनी पिशवी सोडली आणि ते आत निघून गेले. आत्या रस्त्यावर, पिशवी हातात, टोपी डोक्यावर. घाईघाईत सनस्क्रीन मात्र मी तिला थांबवून लावायला लावलं.

वर्गात मी शेवटच्या बाकाच्या मागे, फळ्यांच्या थप्पीवर बसले. तीस मुलं-मुली, समोर एक लांब टेबल, त्यावर अर्धं घासलेलं एक दार. आत्या टेबलाशी उभी राहिली, रुमाल बांधून, वर्गाकडे पाठ करून, आणि त्या दाराशी बोलायला लागली. पंधरा मिनिटं ती बोलली. जे बोलली ते सोन्यासारखं होतं, मी ते लहानपणापासून ऐकलं आहे. पण मुलांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. ती एकमेकांकडे बघायला लागली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, की मॅडम, काहीच ऐकू येत नाही.

आत्याचे खांदे वर गेले ते तसेच राहिले. मला वाटलं, ही आता पिशवी उचलेल. तिने बोळा खाली ठेवला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, मुलांकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिने रुमाल सोडला. स्पिरिटची बाटली अजून बंदच होती. मुलं पाहत राहिली. पहिल्या बाकावरच्या एकाने, अजिबात वाईट हेतू नसताना, विचारून टाकलं, की मॅडम, तोंडाला काय झालं?

मी डोळे मिटून घेतले.

"घाई," आत्या म्हणाली. "पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारला. लिहून घ्या."

तीस वह्या उघडल्या. कोणी हसलं नाही. मुलांना तो धडाच वाटला. आणि मग तिने खरंच तो धडा घेतला. ओला थर कसा ओळखायचा, घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं, चूक झाली तर थांबून पहिल्यापासून कसं सुरू करायचं, हे सगळं तोंड वर करून, मोठ्या आवाजात. मधे स्पिरिट काढताना तिने रुमाल बांधला, बाटली बंद झाल्यावर परत सोडला. दोन तास ती टेबलाच्या त्याच बाजूला उभी होती. मला भरून आलं, आणि नाक ओढल्याचा आवाज होऊ नये म्हणून मी तोंडाने श्वास घेत बसले.

मुलं गेल्यावर ती बोळे गोळा करत होती. मी जवळ गेले. ती आता विचारेल, मी कशी दिसत होते, आणि मी काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी डोक्यात करत होते. तिने पिशवीचा बंद ओढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मागे बसलेल्या त्या मुलीला शेवटपर्यंत ऐकू आलं ना गं?"